वेळापत्रक समोर ठेवून: ८० दिवसांच्या जगप्रदक्षिणेच्या कादंबरीचं परीक्षण कसं लिहावं

लंडनमधला फिलिआस फॉग नावाचा गृहस्थ रिफॉर्म क्लबातल्या मित्रांशी पत्ते खेळताना वीस हजार पौंडांची पैज लावतो. ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून याच दिवाणखान्यात परत येईन म्हणतो आणि त्याच रात्री निघतो. ज्यूल्स व्हर्नच्या या कादंबरीचं परीक्षण लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो कथा सांगण्याचा. सुएझ, मुंबई, हत्ती, सतीचा प्रसंग, हाँगकाँगमधला अफूचा अड्डा, अमेरिकेत आगगाडीवर झालेला हल्ला... प्रसंग इतके भरगच्च आहेत की त्यांतच दोन पानं संपतात. वाचणाऱ्याला गोष्ट कळते, पण पुस्तक कसं आहे, का वाचावं, कुठे कमी पडतं हे कळत नाही.

या कादंबरीचा कणा तिचं वेळापत्रक आहे. तारखा, तास, मिनिटं आणि पौंड यांची नोंद लेखक पानोपानी करत जातो. म्हणून तिचं परीक्षणही वही घेऊन, हिशेब मांडून करावं, असं माझं ठाम मत आहे. त्यातून ३७ पैकी सहा प्रकरणं मुंबई ते कलकत्ता या वाटेवर घडतात. ठाणं, नाशिक, खानदेश, बऱ्हाणपूर ही नावं आपण नकाशा न उघडता ओळखतो. लंडन-पॅरिसच्या समीक्षकाला जे दिसणार नाही ते मराठी वाचकाला इथे दिसतं. ती संधी वाया घालवू नये.

आधी हातातली प्रत तपासा

ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. मूळ कादंबरी फ्रेंच. ‘ल ताँ’ या पॅरिसच्या दैनिकात ती ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात क्रमशः आली आणि जानेवारी १८७३ मध्ये एट्झेल या प्रकाशकाने ती पुस्तकरूपात काढली. जॉर्ज टाउल यांचा इंग्रजी अनुवाद त्याच वर्षी निघाला आणि आजही तोच सर्वांत जास्त फिरतो. मराठीत व्हर्न बऱ्याच जणांना पहिल्यांदा भेटला तो शाळकरी वयात, भा. रा. भागवतांसारख्या लेखकांनी मुलांसाठी केलेल्या रूपांतरांतून. या कादंबरीच्याही संक्षिप्त आवृत्त्या पुष्कळ आहेत.

संक्षिप्त प्रत ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रकरणांची संख्या. ३७ नसतील तर काहीतरी गाळलेलं किंवा जोडलेलं आहे. गाळताना बहुधा भूगोल, जहाजांचे तपशील आणि इतिहासाचे उतारे आधी जातात, आणि या पुस्तकात नेमकी तिथेच खरी मौज आहे. संक्षिप्त आवृत्तीचं परीक्षण जरूर लिहा, पण तसं स्पष्ट सांगा. ‘व्हर्नचं निवेदन फार घाईचं आहे’ असा शेरा संक्षिप्त प्रत वाचून मारला, तर तो संपादकाच्या कात्रीवरचा शेरा असतो आणि दोष मात्र लेखकाच्या माथी जातो. अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदातच घ्या. भाषेविषयी तुम्ही जे म्हणाल ते निम्मं त्यांच्याविषयी असणार आहे.

आणखी एक. मुखपृष्ठावर गरम हवेचा फुगा दिसला तर त्याला भुलू नका. फॉग कादंबरीत फुग्यात बसतच नाही. उलट, अटलांटिक ओलांडायची वेळ येते तेव्हा फुग्याने जाणं धोक्याचं आणि अशक्य आहे, असं निवेदक एका वाक्यात सांगून टाकतो. फुगा लोकांच्या मनात बसला तो १९५६ च्या हॉलिवूडपटामुळे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा तो चित्रपट इतका गाजला की पुढे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही फुगे आले. चित्रपट आधी पाहिला असेल तर परीक्षण लिहिण्यापूर्वी दोन्हींतले प्रसंग वेगळे काढा.

दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिलं वाचन सलग आणि मजेत करा. पेन्सिल लांब ठेवा. कादंबरी छोटी आहे, दोन-तीन बैठकांत होते. वाचून झाल्यावर लगेच, कोणाशी बोलण्याआधी, चार-पाच ओळी लिहून ठेवा: कुठे श्वास रोखला गेला, कुठे कंटाळा आला, कोण आवडलं, शेवट कसा वाटला. दुसऱ्या वाचनात तुम्ही जास्त शहाणे व्हाल आणि ही पहिली प्रतिक्रिया पुसली जाईल. परीक्षणाला मात्र ती लागते, कारण तुमचा वाचक पुस्तक पहिल्यांदाच वाचणार आहे.

दुसऱ्या वाचनाला वहीत रकाने आखा: ठिकाण, ठरलेला काळ, प्रत्यक्ष तारीख, कशाने उशीर झाला किंवा वेळ वाचला, किती पैसे गेले. क्लबात ज्या वर्तमानपत्री अंदाजावरून पैज लागते तो असा आहे:

- लंडन ते सुएझ, रेल्वे आणि आगबोट: ७ दिवस
- सुएझ ते मुंबई, आगबोट: १३
- मुंबई ते कलकत्ता, रेल्वे: ३
- कलकत्ता ते हाँगकाँग, आगबोट: १३
- हाँगकाँग ते योकोहामा, आगबोट: ६
- योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को, आगबोट: २२
- सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, रेल्वे: ७
- न्यूयॉर्क ते लंडन, आगबोट आणि रेल्वे: ९

बेरीज बरोबर ८०. वादळ, बिघाड, आजारपण यांना जागा नाही. क्लबातले मित्र नेमकी हीच शंका काढतात आणि फॉग म्हणतो, सगळं धरून. पुढची सगळी कादंबरी या एका उत्तराची परीक्षा आहे.

आता प्रत्यक्ष तारखा भरत चला. २ ऑक्टोबर १८७२, बुधवार, रात्री पावणेनऊची गाडी. ९ ऑक्टोबरला सुएझ, हिशेबाप्रमाणे. २२ ला गाठायची मुंबई ‘मंगोलिया’ बोट २० तारखेलाच गाठते. दोन दिवस शिल्लक. २५ ऑक्टोबरला कलकत्ता, म्हणजे ते दोन दिवस मधल्या वाटेत खर्ची पडले. हाँगकाँगला ५ नोव्हेंबरला पोचायची बोट ६ ला पोचते. न्यूयॉर्कला ११ डिसेंबरच्या रात्री गाडी लागते तेव्हा लिव्हरपूलची बोट पाऊण तासापूर्वी सुटलेली असते.

हा तक्ता परीक्षणात जसाच्या तसा छापायचा नाही. त्यातून प्रश्न काढायचे. एक प्रश्न नमुन्यादाखल: व्हर्न कोणत्या टप्प्याला किती जागा देतो? पॅसिफिक ओलांडायला सर्वांत जास्त दिवस लागतात, पण त्या प्रवासाला एकच प्रकरण मिळतं, चोविसावं. भारतातले पाच दिवस सहा प्रकरणं घेतात, अमेरिकेची भूमी आठ. वेळापत्रकाचा हिशेब आणि कथेचा हिशेब असे दोन वेगळे चालतात. जिथे गाडी अडते तिथे कथा रमते, जिथे बोट सुरळीत चालते तिथे पानं भराभर उलटतात. ‘कादंबरी वेगवान आहे’ या वापरून गुळगुळीत झालेल्या वाक्यापेक्षा एवढं निरीक्षण परीक्षणाला कितीतरी अधिक देतं.

पैशाचा रकानाही असाच बोलका. फॉगजवळ एकूण चाळीस हजार पौंड. निम्मे पैजेवर, निम्मे पिशवीत. हत्तीला दोन हजार, कलकत्त्याच्या न्यायालयात जामिनापोटी दोन हजार, अटलांटिकमध्ये जाळायला बोट विकत घेताना साठ हजार डॉलर. शेवटी खर्च एकोणीस हजार पौंडांच्या आसपास जातो. म्हणजे वीस हजारांची पैज जिंकली तरी हाती जेमतेम हजारभर राहतात, आणि तेही तो नोकराला व पाठलाग करणाऱ्या गुप्तहेराला वाटून टाकतो. मग हा माणूस निघाला तरी कशासाठी? याचं तुम्हाला पटलेलं उत्तर हाच परीक्षणाचा मध्यवर्ती मुद्दा होऊ शकतो.

इतिहासाची चौकट थोडक्यात द्या

वाचकाला एक परिच्छेद पुरतो. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. त्याच वर्षी १० मे रोजी युटामधल्या प्रोमोंटरी इथे अमेरिकेची दोन टोकं जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. तीन दुवे अवघ्या वर्षभरात जुळले, म्हणून ८० दिवसांचा हिशेब १८७२ मध्ये कागदावर तरी मांडता आला. टॉमस कुकने पहिली जागतिक सहल नेली तीही १८७२ च्याच शरद ऋतूत, आणि तिला २२२ दिवस लागले. पुढे नेली ब्लाय ही अमेरिकन वार्ताहर नोव्हेंबर १८८९ मध्ये न्यूयॉर्कहून निघाली, वाटेत फ्रान्समधल्या आमियाँला खुद्द व्हर्नला भेटली आणि ७२ दिवसांत परतली.

यातलं एखादंच वाक्य तुमच्या मुद्द्याला लागेल. तेवढंच घ्या. मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की कथेतला प्रवास २१ डिसेंबर १८७२ ला संपायचा होता आणि दैनिकातला शेवटचा हप्ता २२ डिसेंबरचा. फॉग कुठे असेल आणि पोचेल की नाही, हे पॅरिसचा वाचक त्याच तारखांमध्ये जगत वाचत होता.

मुंबई ते कलकत्ता: इथे मराठी वाचकाने थांबावं

दहावं ते पंधरावं ही प्रकरणं सावकाश वाचा, शेजारी महाराष्ट्राचा नकाशा ठेवून. व्हर्न भारतात कधीच आला नव्हता. जे लिहिलं ते प्रवासवर्णनं आणि संदर्भग्रंथ वाचून. त्यामुळे इथे कमालीची अचूकता आणि कमालीच्या चुका शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.

बोट दुपारी साडेचारला मुंबईला लागते आणि कलकत्त्याची गाडी रात्री आठला आहे. फॉग शहराकडे ढुंकून पाहत नाही. नगरभवन, ग्रंथालय, गोद्या, मशिदी, सिनेगॉग, मलबार हिलवरचं देऊळ, घारापुरी, कान्हेरी अशी यादी लेखक देतो ती फॉगने काय काय पाहिलं नाही हे सांगण्यासाठी. प्रवासवर्णनाची ही फार चतुर रीत आहे: नायक आंधळा, निवेदक डोळस. त्याचा नोकर पासपार्तू मात्र भटकतो, मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खाऊन, बूट तिथेच टाकून पळतो. हे बूट पुढे कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून हजर होतात. व्हर्न एखादी वस्तू कशी पेरतो आणि पाच प्रकरणांनी कशी उगवून दाखवतो, याचा हा उत्तम नमुना आहे. परीक्षणात रचनेबद्दल बोलायचं असेल तर हाच दाखला द्या.

गाडी ठाण्यावरून, कल्याणवरून पश्चिम घाट चढते, रात्रीतून नाशिक मागे टाकते, सकाळी खानदेशात येते. मार्ग अगदी बरोबर आहे. कसाऱ्याच्या थळ घाटातून १८६५ पासून गाड्या चालत होत्या. (हा प्रवास डोळ्यांपुढे आणताना बोरीबंदरची आजची भव्य वास्तू मात्र आणू नका. तिचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं.) आणि मग खानदेशाचं वर्णन येतं. हा सुपीक प्रदेश गोदावरीच्या उपनद्यांनी भिजलेला आहे, असं व्हर्न लिहितो. इंजिनाचा धूर कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवर पसरत जातो.

जळगाव-धुळ्याकडच्या कुणीही हे वाचावं आणि मान हलवावी. खानदेशाची नदी तापी. गिरणा, पांझरा, वाघूर सगळ्या तिलाच मिळतात. गोदावरी नाशिकहून निघून दुसऱ्या दिशेने, पूर्वेकडे जाते. कापूस मात्र खरा. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, १८६० च्या दशकात, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडमध्ये सोन्याचा भाव आला होता. लवंग-जायफळ हे युरोपीय वाचकाच्या मनातल्या ‘हिंदुस्थाना’चं पीक, खानदेशच्या काळ्या मातीचं नव्हे.

चूक सापडली की परीक्षक हरखतो आणि ‘लेखकाला भूगोल येत नाही’ असं लिहून मोकळा होतो. तिथे थांबू नका. ही चूक काय सांगते ते विचारा. व्हर्नचे आकडे वेळापत्रकातून येतात आणि म्हणून पक्के असतात. त्याची निसर्गदृश्यं पुस्तकी असतात आणि म्हणून डळमळतात. लोहमार्ग त्याला रुळारुळाने माहीत आहे, रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन माहीत नाही. खिडकीबाहेर न पाहणारा फॉग आणि इथे न आलेला लेखक यांच्यातलं हे साम्य मला या सहा प्रकरणांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

त्यातली मोठी गफलत रेल्वेचीच आहे. बऱ्हाणपूरच्या पुढे, कोल्बी नावाच्या वस्तीपाशी गाडी थांबते आणि पुढे रूळच नाहीत असं कळतं. अलाहाबादपर्यंतचे पन्नास मैल ज्याने त्याने आपल्या सोयीने जायचं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी मार्ग पूर्ण झाल्याची खोटी बातमी दिली होती, असा खुलासा येतो. वास्तवात बातमी खरी होती. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे १८७० मध्येच जबलपूरला भेटल्या होत्या. म्हणजे फॉगची खरी गाडी न थांबता कलकत्त्याला गेली असती. मग हत्ती नाही, जंगल नाही, चितेवरून सोडवलेली औदा नाही. लेखकाने हे जाणूनबुजून केलं की जुन्या माहितीवर विसंबून, यावर निवाडा देण्याची गरज नाही. कथेला ही तुटलेली वाट किती हवी होती, एवढं दाखवा.

औदाकडे येताना सावध राहा. ती मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, इंग्रजी वळणात वाढलेली, बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली. राजाच्या चितेवर तिला नेत असताना फॉग आणि मंडळी तिला सोडवतात. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याशी तिचं नातं असल्याचं कादंबरी सांगते, तेच जमशेटजी ज्यांच्या नावाचं रुग्णालय आणि कलाशाळा मुंबईत आजही आहे. काल्पनिक नायिकेला खऱ्या मुंबईत घर देण्याची ही युक्ती मराठी वाचकाला सांगण्यासारखी आहे. पण पारशी मुलगी हिंदू राजाची राणी आणि सतीच्या चितेवर, ही जुळणीच किती अवघड आहे हेही सांगा. बंगाल इलाख्यात सतीवर कायद्याने बंदी आली ती १८२९ मध्ये. कादंबरी ४३ वर्षांनंतरची आहे. बुंदेलखंडासारख्या दुर्गम, अर्धस्वतंत्र मुलखात प्रथा अजून चालते, असं सर फ्रान्सिस क्रोमार्टी या इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडून वदवून लेखक वाट काढतो.

साम्राज्याची नजर

या मुद्द्यावर दोन टोकाची परीक्षणं लिहिली जातात. एक म्हणतं, जुना काळ होता, सोडून द्या. दुसरं म्हणतं, पुस्तक टाकून द्या. दोन्हींनी वाचकाचं काम होत नाही. तुम्ही नेमकी जागा दाखवा. उदाहरणार्थ, सतीच्या मिरवणुकीत पुजारी आणि जमाव यांना चेहरा नाही, नाव नाही. नाव आहे ते फक्त मृत राजाच्या विधवेला, आणि तिचं वर्णन करताना ती युरोपीय वाटावी इतकी सुसंस्कृत आहे, यावर भर. अमेरिकेत सू जमातीचे लोक केवळ हल्लेखोर म्हणून येतात. उलट ज्या पारशी माहुताशिवाय सुटका झालीच नसती, त्याला अख्ख्या प्रसंगात नाव मिळत नाही. त्याला बक्षीस म्हणून हत्ती मिळतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडा. व्हर्न इंग्रजांचीही आरती करत नाही. क्लबातली यंत्रवत माणसं, दाढीच्या पाण्याचं तापमान ८६ ऐवजी ८४ अंश फॅरनहाइट भरलं म्हणून नोकराला काढणारा नायक, आणि चीनमध्ये अफू खपवणाऱ्या व्यापारावर हाँगकाँगच्या प्रकरणात ओढलेले तिखट ताशेरे, हे सगळं फ्रेंच लेखकाच्या नजरेतून आलेलं आहे.

माणसं: थोडकी आणि स्पष्ट

पात्रांवर लांबण लावू नका. फॉग, पासपार्तू, गुप्तहेर फिक्स आणि औदा, चौघेच. फॉगवर लिहिताना एक प्रसंग पुरतो. औदाला सोडवायला तो तयार होतो, कारण त्याच्याकडे बारा तास शिल्लक आहेत. तुम्हाला हृदय आहे म्हणायचं, असं क्रोमार्टी म्हणतो, तेव्हा फॉग सांगतो की कधी कधी, वेळ असला म्हणजे. अख्खा माणूस या उत्तरात आहे. पुढे अमेरिकेत फोर्ट कर्नीला, सू लोकांनी पळवलेल्या पासपार्तूला सोडवायला तो निघतो तेव्हा शिल्लक वेळ अजिबात नसतो, तरीही निघतो. या दोन प्रसंगांमध्ये फॉग बदलला की नाही? मला वाटतं बदलला, आणि कादंबरीतली खरी प्रदक्षिणा तीच. तुम्हाला तसं वाटत नसेल तर तुमचं म्हणणं तुमच्या दाखल्यांनी मांडा.

शर्यतीबद्दलही एक स्पष्टीकरण द्या. फॉगच्या शेजारून दुसरं कुणी धावत नाही. शर्यत घड्याळाशी आहे. मागे लागलेला फिक्स त्याला बँक ऑफ इंग्लंडचे पंचावन्न हजार पौंड चोरणारा समजतो. गंमत अशी की ब्रिटिश हद्दीत तो फॉगला अडवू पाहतो आणि हद्द संपली की लवकर लंडनला पोचावा म्हणून मदत करू लागतो. ताण टिकतो तो या उलटापालटीमुळे.

शेवट: सांगायचा की नाही

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. तुमच्या परीक्षणातही अशीच सूचना आधी द्या. पुस्तक दीडशे वर्षांचं झालं म्हणून नव्या वाचकाचा आनंद शिळा होत नाही.

फॉगच्या हिशेबाने तो पाच मिनिटं उशिरा पोचतो, हरल्याचं धरून घरी बसतो, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की आज रविवार नाही, शनिवार आहे. पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे प्रत्येक रेखांशाला चार मिनिटं याप्रमाणे ३६० रेखांशांत १४४० मिनिटं, म्हणजे पुरा एक दिवस त्याच्या पदरात पडला होता. त्याने ८० सूर्योदय पाहिले, तेवढ्याच काळात लंडनने ७९.

परीक्षकाने दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, हा शेवट कमावलेला आहे का? माझ्या मते आहे. सुएझमध्येच फिक्स पासपार्तूला सांगतो की तुझं घड्याळ दोन तास मागे आहे, आणि पणजोबांचं घड्याळ बदलायला तो साफ नकार देतो. १८० व्या रेखांशापाशी तेच घड्याळ बोटीच्या घड्याळाशी जुळतं तेव्हा तो खूश होतो. डायल चोवीस तासांची असती तर खूश झाला नसता, असं निवेदक तिथेच सांगून जातो. उत्तर तेरा प्रकरणं आधी वाचकाच्या हातात दिलेलं असतं.

दुसरी, हा शेवट टिकतो का? इथे खरी भेग आहे. फॉग सॅन फ्रान्सिस्कोला उतरला तेव्हा त्याच्या वहीत ३ डिसेंबर असेल, पण शहरात २ डिसेंबर असणार. सात दिवसांचा रेल्वेप्रवास, स्थानकं, वर्तमानपत्रं, बोटींची वेळापत्रकं, कुठेही तारीख नजरेस पडली नाही? न्यूयॉर्कची बोट ११ डिसेंबरला सुटायची असेल तर ती त्या रात्री धक्क्यावर उभी असायला हवी होती. मिनिटांचा हिशेब ठेवणारा माणूस महिनाभर एक दिवस चुकीचा धरून चालतो, हे मान्य करायला कादंबरीवर प्रेम लागतं. मला ते आहे, म्हणून मी भेग दाखवून पुढे जातो. तुम्ही किती गुण कापायचे ते तुम्ही ठरवा, पण भेग लपवू नका.

लिहायला बसताना

वहीत आता बरंच जमलं असेल. त्यातला एकच मुद्दा उचला आणि तो एका वाक्यात लिहून कागदाच्या वर ठेवा. ‘व्हर्नला रूळ माहीत आहेत, जमीन नाही’ हा एक होईल. ‘फॉगने पैसे गमावून माणूसपण मिळवलं’ हा दुसरा. त्या वाक्याला जे तपशील लागत नाहीत ते कितीही आवडते असले तरी वगळा. हजार शब्दांच्या परीक्षणात कथानकाला दीडशे शब्द पुरेत, आणि तेही निम्म्या वाटेपर्यंतच. मी सहसा कलकत्त्याला थांबतो.

सुरुवात लेखकाच्या जन्म-मृत्यूच्या सनांनी करू नका. ‘ज्यूल्स व्हर्न यांचा जन्म १८२८ मध्ये नाँत येथे झाला’ हे खरं आहे, पण वाचक तिथेच गळतो. त्याऐवजी पुस्तकातून एखादी ठोस गोष्ट उचला: ‘गाडी खानदेशातून जाते आणि खिडकीबाहेर लवंगांचे मळे दिसतात. खानदेशात लवंग कधी पिकली नाही. तरीही हे प्रकरण मी तीनदा वाचावं, असं त्यात काय आहे?’ तीन वाक्यांत पुस्तक, त्रुटी, ओढ आणि प्रश्न सगळं आलं.

उतारा दिलात तर तीन ओळींपेक्षा मोठा नको, आणि तुमच्या प्रतीतूनच द्या. इंग्रजीवरून स्वतः मराठी केलं असेल तर तसं नोंदवा. विशेषणांवर लक्ष ठेवा. ‘थरारक’, ‘अविस्मरणीय’, ‘कालातीत’ यांतलं काही लिहिलं गेलं असेल तर तो शब्द काढा आणि तिथे तो वाटायला लावणारा प्रसंग ठेवा. अमेरिकेत मेडिसिन बोच्या खिळखिळ्या पुलावरून गाडी पूर्ण वेगात उडी मारल्यासारखी जाते आणि मागे पूल कोसळतो, एवढं सांगितलं की थरार आपोआप येतो.

शेवटी शिफारस हवी, आणि ती माणूस पाहून हवी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला संक्षिप्त मराठी आवृत्ती द्या, सतीच्या प्रकरणाबद्दल आधी बोलून. रेल्वे, जहाजं, नकाशे यांची आवड असलेल्याला संपूर्ण आवृत्तीच द्या. माणसाच्या मनाचा तळ शोधणारी कादंबरी ज्याला हवी त्याला सरळ सांगा की ती इथे मिळणार नाही. तारे द्यायचे असतील तर कशासाठी दिले आणि कशासाठी कापले, ते एका ओळीत लिहा.

पाठवण्यापूर्वी मसुदा एक दिवस बाजूला ठेवा. मग फक्त नावं, तारखा आणि आकडे वाचा, बाकी काही नाही. फॉग, पासपार्तू, औदा यांची नावं सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिली आहेत का? बोटींची नावं अदलाबदल झालेली नाहीत ना? मुंबईला आणणारी ‘मंगोलिया’, कलकत्त्याहून नेणारी ‘रंगून’, पॅसिफिक ओलांडणारी ‘जनरल ग्रँट’, आणि जिचं लाकूडकाम भट्टीत घातलं ती ‘हेन्रिएटा’. या चौघींची गल्लत फार होते.